बोटभर कागद सोडून

कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व)
१८ जून २०२४

काकी,

विक्रोळीहून सुबोध. पायांना हात लावलाय असं समज आणि मग ओरड.

फोन केला असता, पण मागच्या वेळी मी गॅलरीत उभा राहून बोंबलत होतो आणि तू तिकडून "फणस पाठवलाय, मिळाला का" एवढंच विचारत होतीस. शेजारच्यांना माझी सगळी हकिगत कळली, तुलाच कळली नाही. शिवाय आत्ताची गोष्ट घरात मोठ्याने बोलण्यासारखी नाही. म्हणून कागद घेतला.

माझी नोकरी एप्रिलमध्ये गेली. अंधेरीच्या कंपनीत मी डिस्पॅचला होतो, टपाल घ्यायचं, फोडायचं, टेबलाटेबलावर वाटायचं. आता टपालच येत नाही, तर फोडणाऱ्याला ठेवतील कशाला? साहेबाने चहा पाजला आणि हिशेब हातात ठेवला. नवऱ्याची नोकरी गेली, एवढं अक्षताला माहीत आहे. हिशेबाचे पैसे बँकेत आहेत असंही तिला माहीत आहे. ते खोटं आहे.

आमची इमारत पाडायला काढलीय. आम्ही भाडेकरू, दसऱ्यापर्यंत दुसरी खोली शोधा म्हणून मालकाने सांगून टाकलं. इथे हल्ली डिपॉझिटचा आकडा ऐकूनच माणूस खाली बसतो. ते पैसे त्यासाठी होते, आणि मी त्यांची पोस्टाची तिकिटं घेतली. वापरलेली.

हसू नकोस गं. जमवणारे खूप आहेत. घाटकोपरला हर्षद म्हणून एक व्यापारी आहे, तो किलोवर देतो. पाकिटांचे कापलेले कोपरे असतात, गोणीत भरलेले. पाण्यात भिजवले की तिकीट सुटून येतं. मग वाळवायचं आणि निवडायचं. रोजची तिकिटं एकीकडे, खास प्रसंगाला काढलेली दुसरीकडे, आणि मध्येच एखादं असं हाताला लागतं की गोणीचे पैसे तिथेच वसूल. उभा जन्म पाकिटं हाताळण्यात गेला, मला वाटलं हे काम देवाने माझ्यासाठीच ठेवलंय. आठ गोण्या उचलल्या. अक्षताला सांगितलं की माल हर्षदचा आहे, मी नुसता निवडून देतो, रोजावर.

दसऱ्याच्या आत पैसे सुटतील, मग मीच तिला सांगेन. तोवर तू काही कळू देऊ नकोस. कुणालातरी सांगायलाच हवं होतं, नाहीतर डोकं फुटलं असतं.

सुबोध

—

वरचीवाडी, ता. देवगड
२ जुलै २०२४

सुबोध,

आशीर्वाद आहेतच. आणि ओरडायला मला तुझ्या परवानगीची गरज नाही, बालवाडीत पोरांवर ओरडण्यातच माझी सगळी नोकरी सरली.

तुझं पत्र वाचलं, चष्मा पुसला आणि परत वाचलं. म्हटलं आपल्याकडून वाचण्यात चूक झाली असेल. माणसं जमीन घेतात, रिक्षा घेतात, एखादा म्हैस घेतो. तू चाटून झालेली तिकिटं घेतलीस. तुझ्या काकांच्या घराण्यात हे नवंच.

आता झालं ते झालं. मी आपणहून अक्षताला काही लिहिणार नाही. पण तिने समोर बसून विचारलं तर माझ्याकडून खोटं वदवून घेऊ नकोस. गणपतीला ती येणारच. ती पोर दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते आणि घरी येऊन तुझी परातीतली तिकिटं बघते. तिला काहीच कळत नसेल असं समजू नकोस.

पैसे माझ्याकडे नाहीत. ह्यांची पत्रं मात्र आहेत. लग्न झाल्यापासून मुंबईहून लिहिलेलं एकूण एक पत्र पेटीत ठेवलंय. त्यांच्यावर तिकिटं असतील ना? जुनी आहेत, तुझ्या उपयोगाची असतील तर कळव. हे गेल्यापासून मी अधूनमधून वाचते. प्रेमाची वगैरे नाहीत हो, पाऊस पडला का आणि कौलं शाकारली का, हेच. पण अक्षर ह्यांचं.

कोकमं पाठवतेय. सार करून पी, डोकं थंड राहतं.

मालनकाकी

—

विक्रोळी
११ जुलै २०२४

काकी,

पाठव. पाठवच. आज टाकता आलं तर आज टाक.

इथे वाट लागलीय. हवा इतकी ओली आहे की तिकिटं वाळत नाहीत. अक्षताच्या परातीत भिजवतो, पेपरवर पसरतो, पंखा लावला की घरभर उडतात आणि बंद केला की एकमेकांना चिकटून बसतात. बुरशीचा वास कपड्यांना लागलाय. कालपर्यंत पाच गोण्या झाल्या. काय निघालं सांगू? तेच तिकीट. पुन्हा तेच. मूठ भरून काढली तरी तेच. हातात घेऊन कंटाळा येईल असं तिकीट, ज्याला कुत्रंही विचारत नाही.

हर्षदकडे गेलो. म्हटलं, अरे यार, यातलं चांगलं कुणीतरी आधीच काढून घेतलंय. तो बिलकुल चिडला नाही. म्हणाला, "किलोचा माल किलोनेच जातो भाऊ. तुझ्याआधी तिघांनी चाळला. तुला काय वाटलं, देव तुझ्यासाठी ठेवून गेला?" मी तिथेच त्याच्या स्टुलावर बसून राहिलो. 

म्हणून काकांची तिकिटं हवीत. तू म्हणतेस तशी जुनी असतील तर त्यांना गिऱ्हाईक आहे. आख्खी पत्रं नको पाठवू, वजन वाढेल आणि वाटेत गहाळ झाली तर मला तोंड दाखवता येणार नाही. तिकिटाच्या चारी बाजूंनी बोटभर कागद सोडून कापायचं, बास. सगळे तसंच कापतात. बाकीचं मी बघतो.

अक्षता काल विचारत होती, हर्षद रोज कधी देणार म्हणून. मी म्हटलं महिन्याने देतो. तिने मान हलवली आणि भाकऱ्या थापायला लागली.

घाई कर, काकी.

सुबोध

—

वरचीवाडी
२४ जुलै २०२४

सुबोध,

तुझं पुडकं याबरोबर. आधी हे पत्र वाच आणि मग कापलेले तुकडे बाहेर काढ. तुझी घाई मला माहीत आहे.

सांगितलंस तसं केलं. बोटभर कागद सोडून कापलं. पण ऐक. ह्यांनी पाकीट कधी वापरलंच नाही, पाकिटाला जास्त पैसे पडतात म्हणून. सगळी निळी आंतर्देशीयं आहेत. त्याच्यावर तिकीट बाहेरून छापलेलं, आणि त्याच जागी आतून ह्यांनी लिहिलेलं. पहिलं कापलं आणि उघडून बघितलं तर पत्राला खिडकी पडलेली. पलीकडची माझी साडी दिसली. कात्री खाली ठेवली आणि उठून अंगणात जाऊन आले.

मग विचार केला की तुझ्या डोक्यावरचं छप्पर जातंय आणि मी जुन्या कागदांना धरून बसलेय. हे असते तर म्हणाले असते, "काप गो, त्येचा काय लोणचा घालतलंस?" सगळी कापली. संध्याकाळपर्यंत पेटीतल्या एकेका पत्राला खिडकी झाली.

पण मी शहाणपणा केलाय. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर पेन्सिलीने बारीक आकडा घातलाय आणि तोच पत्रावर. तुझं काम तिकिटाच्या बाजूशी, माझं पाठीशी. काम झालं की तुकडे परत पाठव, मी भाताच्या पेजेने चिकटवून टाकेन. व्यापाऱ्याने ठेवूनच घेतले, तर पाठीवर काय लिहिलंय ते आकड्याप्रमाणे उतरवून पाठव. एवढं मात्र कर. वाचता वाचता खिडकी आली की मी अडखळते, आणि मग पुढचं वाचवत नाही.

मालनकाकी

—

विक्रोळी
९ ऑगस्ट २०२४

काकी,

पुडकं पोचलं. उशीर झाला, रागावू नकोस. माल एकदम झकास निघाला. हर्षदने बघताक्षणी सगळा ठेवून घेतला, तुकडे परत द्यायला तयार नाही. पण तू म्हटलंस म्हणून पाठीवरचं मी आधी उतरवून घेतलं. शाई जरा फिकट झालीय, तरी लागलं तेवढं देतोय. बाकीचं सावकाश लिहीन.

३ – तुझी फार आठवण येते.
७ – तुझ्याविना इथे करमत नाही.
१२ – स्वतःची काळजी घे, मी आहे.
१५ – डोळे मिटले की घर दिसतं.
२२ – कधी एकदा तुला बघतो असं झालंय.

काका इतकं छान लिहायचे हे मला माहीत नव्हतं. आमच्यासमोर तर कधी दोन शब्द बोलले नाहीत.

एक विचारायचं होतं. ठळक शिक्का असेल तर तिकिटाला थोडा भाव येतो, म्हणून मी भिंगातून शिक्के बघत होतो. काका तर लालबागला राहायचे आणि गिरणीही तिथलीच. मग मधल्या बऱ्याच तुकड्यांवर शिक्का सांताक्रूझचा कसा? पंधराच्या आसपास सुरू होतो तो तिशीच्या पुढे जातो. काका सांताक्रूझला काय करत होते?

सुबोध

—

वरचीवाडी
१९ ऑगस्ट २०२४

सुबोध,

सात नंबरचं पत्र मांडीवर घेऊन लिहितेय. आपल्या नांगराच्या पाड्याचा पाय दुखावला होता त्या वर्षीचं. पत्रात असं आहे, "पाड्याच्या पायाला," मग खिडकी, मग "लावून दोन दिवस शेतात उतरवू नको." तू पाठवलेलं तिथे घालून वाचलं. पाड्याच्या पायाला तुझ्याविना इथे करमत नाही लावून दोन दिवस शेतात उतरवू नको.

मी एकटीच मोठ्याने हसले. मांजर उठून गेलं. मग मला रडू आलं, ते थांबेना.

तिथे "उंडीचं तेल" होतं, बाबा. त्याच्या खालच्या ओळीला "आईस म्हणावे", त्याच्या खाली "कौले". अरे, बोटभर खिडकीतून सलग वाक्य दिसतं का कधी? एका ओळीचे दोन शब्द, दुसरीचे दोन. एवढी वर्षं टपाल हाताळलंस आणि तुला हेही सुचलं नाही? मला सगळी पत्रं पाठ आहेत. उतरवून पाठव म्हटलं ते नुसतं भोक बुजवायला, शब्दांसाठी मी तुकडे मागितलेच नव्हते. ह्यांचं अक्षर हवं होतं. त्यांच्या हाताने लिहिलेलं "उंडीचं तेल" हवं होतं.

आणि दुसरं. उभ्या आयुष्यात ह्यांनी मला "आठवण येते" असं लिहिलं नाही. एकदाही नाही. ते लिहिलं असतं तर मला खिडकीची गरज पडली नसती, तेवढ्या एका ओळीवर मी जगले असते. तू ते पाच वेळा लिहिलंस, आकडे घालून. वाचताना क्षणभर, अगदी क्षणभर, खरं वाटलं. त्याचा मला तुझ्यावर जास्त राग आहे.

तुकडे कुठे आहेत? काय झालं ते सरळ लिही. अक्षताला लिहितोस तसं मला लिहू नकोस.

सांताक्रूझचं मी आत्ता सांगणार नाही. आधी तू सांग.

मालनकाकी

—

विक्रोळी
२७ ऑगस्ट २०२४

काकी,

मी पुडकं आधी फोडलं आणि पत्र नंतर वाचलं. डिस्पॅचची सवय. आलं की फोडायचं, वाचायचं दुसऱ्याने.

परातीत पाणी तयारच होतं. तुकडे त्यात ओतले आणि पाचव्या गोणीतला माल पेपरवरून गोळा करायला लागलो. वळून बघितलं तर पाणी निळं झालेलं. कधीकधी एखाद्या तिकिटाचा रंग सुटतो, मला वाटलं तसंच असेल. एक तुकडा उचलला. तिकीट जागच्या जागी, कारण ते छापलेलं. काळा शिक्का जागच्या जागी. उलटा केला तर तुझा पेन्सिलचा आकडा, आणि बाकी कोरं. दुसरा उचलला. तिसरा. काकी, मी दोन्ही हात परातीत घालून सगळे बाहेर काढले, पण तोवर काकांची शाई पाण्यात गेली होती. ते पाणी मला ओतवेना. परात तशीच ठेवून मी तिच्याशेजारी बसलो. शेवटी अक्षता येण्याच्या आत मोरीत ओतली.

आणि ज्याच्यासाठी हे केलं त्याला काडीची किंमत नाही. आंतर्देशीयावरचं छापील तिकीट कापलं की कचरा, हे मला माहीत होतं. तुला एवढंच विचारायचं होतं की काका पाकिटात लिहायचे की आंतर्देशीयावर. विचारलं नाही. दुसऱ्या कशाचं भानच नव्हतं. हर्षदने तुकडे बघितलेसुद्धा नाहीत. ते माझ्याकडे आहेत, याबरोबर परत पाठवतोय. कोरे.

माझ्याकडे आता काहीच उरलेलं नाही. तीन गोण्या भिजवायच्या बाकी आहेत, त्यांना हात लावायची भीती वाटते. जोवर भिजवल्या नाहीत तोवर त्यांत काहीतरी असेल. हर्षद म्हणतो, ढिगातून बिनशिक्क्याची तिकिटं वेगळी काढून दे, त्यांचे रोख देतो. पोस्टात शिक्का मारायचा राहून गेलेली, दिसायला कोरीकरकरीत. मागून गोंद लावून ती परत खपवतात. हा गुन्हा आहे हे मला कळतं. तरी मी एक पाकीट भरून ठेवलंय, ते कपाटात आहे. दिलेलं नाही. देणार नाही असंही आज छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

दसरा जवळ येतोय. अक्षता रोज खोल्या बघते, भांडुपला, कांजुरला, आणि मला विचारते, ही घेऊया का? मी प्रत्येक खोलीत काहीतरी खोट काढतो. पाण्याची बोंब आहे, उजेड नाही, शेजार बरा नाही. काल म्हणाली, "तुला घर हवंय ना नक्की?" मी हो म्हटलं.

गणपतीला ती एकटीच येईल. मला तुझ्यासमोर उभं राहवणार नाही. तिला काही सांगू नकोस, काकी. तिने मला सोडलं तर मी कुठलाच राहणार नाही. हे मात्र खरं लिहितोय.

सुबोध

—

वरचीवाडी
२० सप्टेंबर २०२४

सुबोध,

तुकडे मिळाले. एक एक आपापल्या खिडकीत बसवला. कोरा का होईना, भोक तरी बुजलं.

तू खरं लिहिलंस. आता मी सांगते.

गिरण्यांचा मोठा संप तुला आठवत नसेल, लहान होतास. संप मोडल्यासारखा झाला आणि ह्यांचं पत्र आलं, "मला परत कामावर घेतले. काळजी नसावी." वर पत्ता लालबागच्या खोलीचा, नेहमीचा. पोस्टमनने पत्र हातात दिलं की मी आधी शिक्का बघायची, किती दिवसांनी पोचलं ते कळायला. शिक्का सांताक्रूझचा. म्हटलं, गेले असतील कुणाकडे. पुढच्या पत्रावरही सांताक्रूझ. त्याच्या पुढच्याही. गिरणीतून सुटलेला माणूस पत्र टाकायला सांताक्रूझला कशाला जाईल? तेव्हा मी समजले. ह्यांना परत घेतलंच नव्हतं.

जवळजवळ दोन वर्षं ते लिहीत होते की गिरणीत ठीक चाललं आहे. आणि मी उत्तर लिहीत होते की वाचून आनंद झाला. मे महिन्यात घरी आले तेव्हा आंघोळीचं पाणी देताना खांदे बघितले. घट्टे पडलेले. गिरणीत साच्यावर उभं राहून कापड विणणाऱ्याच्या खांद्याला घट्टे पडत नाहीत, ते ओझं उचलणाऱ्याला पडतात. मी तेल लावून दिलं. त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला वाटलं, विचारलं तर त्यांचा मान जाईल. त्यांना वाटलं असेल, सांगितलं तर मला घोर लागेल. दोघांनी एकमेकांना इतकं जपलं की शेवटी जवळ कुणीच नव्हतं.

नंतर आम्ही एका घरात म्हातारे झालो. हे गेले तेव्हाही त्यांना वाटत होतं की मला काही माहीत नाही. त्याचा मला राग येतो, अजून येतो. खोटं बोलल्याचा नाही रे. सांताक्रूझला ते काय खात होते, कुठे झोपत होते, हे मला कधी विचारता आलं नाही. पत्र लालबागला जायचं, मग सांताक्रूझच्या माणसाला "जेवलात का" कसं विचारणार? त्या दोन वर्षांत त्यांना बायकोच नव्हती, आणि मी इथे होते.

तुझ्या पाण्याने शाई नेली, शिक्का नेला नाही. कोऱ्या तुकड्यांकडे बघितलं की आता तेवढंच दिसतं. पेटी उघडताना ते डोळ्याआड करायची मला सवय झाली होती, ती तू मोडलीस.

अक्षता विसर्जनापर्यंत होती. मी शब्द पाळला. तुकडे चिकटवायचे बाकी होते तेव्हा एका दुपारी मी पेटी काढून बसले होते, ती शेजारी येऊन बसली. एक पत्र उचललं, खिडकीतून बोट घातलं. कानाशी येऊन विचारलं, "काकी, ही सुबोधने मागितली म्हणून कापलीत?" मी मान हलवली. खोटं बोलणार नाही म्हणून तुला आधीच कळवलं होतं. त्यावर ती एक वाक्य बोलली आणि भांडी घासायला उठली. ते वाक्य मी लिहिणार नाही. ते तू तिच्या तोंडून ऐक, आणि त्यासाठी आधी तुला तोंड उघडावं लागेल.

कपाटातल्या त्या पाकिटाचं काय करायचं ते तुला कळतं.

मालनकाकी

—

कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व)
२५ ऑक्टोबर २०२४

काकी,

सांगितलं. तुझं पत्र आलं त्याच दिवशी सांगायचं होतं, ते दसऱ्यापर्यंत लांबलं. अक्षता दाराला तोरण बांधायला स्टुलावर चढली होती आणि म्हणाली, "या घराचं शेवटचं." मी खालून तोरणाचं दुसरं टोक धरलं होतं. तसंच धरून सगळं बोललो. गोण्या, पैसे, रोज, तुझी पत्रं, परातीतलं पाणी, बिनशिक्क्याचं पाकीट, सगळं.

ती खाली उतरली. म्हणाली, "काकींच्या पत्राला भोक बघितलं तेव्हाच कळलं. दुसऱ्याच्या मालासाठी कुणी आपल्या काकाची पत्रं कापायला लावत नाही." मग म्हणाली, "महिनाभर मी तुला रोज खोल्या दाखवत होते. एकदा तरी म्हणशील की पैसे नाहीत, म्हणून." मला ते ऐकवेना, काकी. मी तिला फसवत होतो आणि ती मला रोज दार उघडून देत होती.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. बॅग भरून मुलुंडला बहिणीकडे गेली. परत कधी येणार, येणार की नाही, काही बोलली नाही. मालकाकडून महिनाअखेरपर्यंत मुदत मागून घेतलीय. खोली मिळालेली नाही. डिपॉझिटला पैसे नाहीत. गोण्या हर्षदने रद्दीच्या भावाने परत घेतल्या. ते पाकीट मी परातीत टाकलं, लगदा होईपर्यंत कुस्करलं आणि फेकलं. परात घासून ठेवलीय, ती आली तर लागेल.

रोज जेवणाच्या वेळेला तिचा फोन येतो. दुसरं काही बोलत नाही. "जेवलास का?" एवढंच विचारते आणि ठेवते. मी खरं काय ते सांगतो. काल जेवलो नव्हतो, तर नाही म्हटलं. ती बराच वेळ फोन धरून होती.

हे पत्र आंतर्देशीयावर लिहितोय. पोस्टात खिडकीवर उभं राहून समोर ठळक शिक्का मारून घेणार आहे. वर पत्ता विक्रोळीचा आहे आणि शिक्का अंधेरीचा दिसेल. अंधेरीला एका गोदामात मी सोमवारपासून पार्सलं उचलतो. खांदा दुखतो. अक्षताला माहीत आहे, आता तुलाही.

सुबोध